दगडावरचा ‘ओम’ आणि दगडावरचं नाव

प्रश्न असा आला आहे. लेक आयर्लंडमध्ये कॉर्कला नोकरीला. तिच्याकडे गेलेल्या आईबाबांनी शेजारच्या केरी काउंटीतल्या खेड्यांतून जुने कोरीव दगड बघत तीन दिवस काढले. एका दुकानदाराने वाट सांगताना ‘ओम स्टोन’ असं काहीतरी म्हटलं, फलकावर मात्र ‘ओघम’ होतं, म्हणजे आयर्लंडची एक जुनी लिपी. फोटो घरच्या ग्रुपवर पडले आणि मामांनी निकाल देऊन टाकला, “आपलाच ॐ तिकडे गेलेला.” विचारणा दोन गोष्टींची आहे: हे खरं का, आणि अशा दगडाला मराठीत वीरगळ म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मामांची समजूत तुम्ही काढा.

दुकानदाराचा उच्चार मात्र बरोबर होता. आयरिश लेखनात व्यंजनामागून येणारा रोमन ‘एच’ म्हणजे आपला महाप्राण नव्हे. जुन्या आयरिश छपाईत अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देत. ‘हे व्यंजन इथे सैल झालंय’ एवढाच त्याचा अर्थ. पुढे टिंब गेलं आणि त्याच्या जागी एच आला. म्हणून तिकडे बी-एच दिसला की बहुधा ‘व’ ऐकू येतो, आणि जी-एच दिसला म्हणून ‘घ’ वाचला की चुकतं. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द ‘ओगम’ असाच लिहीत. त्यातला ग घशात घासून येणारा, उर्दू ‘ग़रीब’मधला. कालांतराने तो दोन स्वरांच्या मध्ये विरघळला आणि उरलं ‘ओअम’, भरभर बोलताना ‘ओम’. आपल्याला ही वाट अनोळखी नाही. ‘नगर’मधला ग असाच झिजला म्हणून संगमनेर आणि अमळनेर झाले. नेर ऐकून कुणाला तिसराच शब्द आठवला तर तो त्या ऐकणाऱ्याचा दोष, तसंच हे. मध्ययुगीन आयरिश पोथ्या या लिपीचा जनक म्हणून ओग्मा नावाच्या वीराकडे बोट दाखवतात. व्युत्पत्तीवर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ॐकडे जाणारी वाट त्यात कुठेच नाही.

मराठीत लिहायचं कसं? माझं मत ‘ओगम’. ‘ओघम’ हे रोमन अक्षरांचं नुसतं लिप्यंतर झालं, आणि ‘ओम’ लिहिलंत तर मामा जिंकले.

आता लिपीबद्दल थोडं, कारण इथे आपल्या व्याकरणातला एक शब्द चपखल बसतो. ओगममध्ये मूळ २० अक्षरं, पाच-पाचांच्या चार गटांत. गटाला आयरिशमध्ये ‘अक्मे’ म्हणतात आणि प्रत्येक अक्मेला त्यातल्या पहिल्या अक्षराचं नाव असतं. कवर्ग, चवर्ग, टवर्ग म्हणणाऱ्याला आणखी समजावायला नको. याला ‘वर्ग’च म्हणावं. फरक असा की आपले वर्ग तोंडातल्या जागेवरून पडले आणि त्यांचे बोटांवर मोजल्यासारखे. दगडाची उभी कड हीच रेघ धरायची. तिच्या उजवीकडे एक ते पाच रेघा म्हणजे पहिला वर्ग, डावीकडे एक ते पाच म्हणजे दुसरा, कडेवरून आरपार तिरप्या एक ते पाच म्हणजे तिसरा, आणि कडेवरच एक ते पाच खाचा म्हणजे स्वर. वाचायचं खालून वर. असे सुमारे ४०० दगड माहीत आहेत. बहुतेक आयर्लंडच्या दक्षिणेतले, त्यातही केरीत सर्वाधिक. काळ मुख्यत्वे इसवी सनाचं पाचवं-सहावं शतक, थोडं अलीकडे-पलीकडे. लेकीला फार लांब जायला नको. कॉर्कच्या विद्यापीठाच्या एका लांब ओवरीत असे २८ दगड ओळीने मांडून ठेवले आहेत.

वीरगळाचा प्रश्न अधिक गमतीचा आहे, कारण तिथे आणखी एक सापळा आहे. केरी-कॉर्ककडे उभ्या धोंड्याला ‘गलान’ म्हणतात. वीरगळातला ‘गळ’ आला कानडी ‘कल्लु’वरून, म्हणजे दगड. इकडे गळ, तिकडे गलान, दोन्ही उभे दगड! हा योगायोग हाती लागतो तेव्हा रात्री झोप येत नाही, स्वानुभव आहे. पण कानडी द्राविडी कुळातली, आयरिश भारोपीय कुळातली (संस्कृत-मराठीही त्याच कुळातल्या), आणि ‘गलान’ची घडण आयरिशमधल्याच ‘गल्’ या उभ्या दगडाच्या जुन्या शब्दाला ‘आन’ प्रत्यय लागून झालेली. कानाला जुळतं तेवढ्यावर सोयरीक ठरवू नये.

अर्थानेही वीरगळ बसत नाही. वीरगळ चित्रांतून बोलतो: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. ओगमच्या दगडावर सहसा चित्र नाहीच. फार तर नंतर कुणी कोरलेला क्रूस. मजकूरही मोजका, ‘अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा’ एवढाच. सगळी नावं षष्ठीत, आणि ज्याची ही षष्ठी तो ‘दगड’ हा शब्द कोरायची कुणाला गरज वाटली नाही. मध्ये ‘मकि’ हा शब्द येतो, म्हणजे ‘मुलाचा’. त्याचाच पुढे ‘मॅक’ झाला, जो आज निम्म्या जगाच्या आडनावांत आहे. जुन्या आयरिश कायद्यांत जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून ओगमचे दगड येतात. तेव्हा आपल्याकडचं जवळचं नातं वीरगळापेक्षा शिवेच्या धोंड्याशी जुळेल, पण तोही बहुधा मुका असतो. लेखात ‘ओगम-शिळा’ लिहावं, बोलताना ‘नावाचा दगड’ म्हणावं.

‘नावाचा’ हा शब्द मी उगाच धरून बसलेलो नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोंतला चौथा, माथ्याजवळ आरपार भोक असलेला उंच दगड, हा डिंगल द्वीपकल्पातल्या किलमॅल्केडरचा. (हा ‘किल’ म्हणजे आपला किल्ला नव्हे. ते ‘किल्य’, लॅटिन ‘सेला’वरून आलेलं, म्हणजे देऊळवजा चर्च. त्या बाजूला बाराव्या शतकातल्या चर्चचे अवशेष आहेत ना, तेच.) या दगडावर असं वाचलं गेलं आहे: ‘अन्म् मैले इन्बिर् मकि ब्रोकन्न्’. मेल इन्बिर, ब्रोकानचा मुलगा. ‘मेल’ म्हणजे मुंडण केलेला, त्यावरून भक्त, सेवक. आपल्या नावांतल्या ‘दास’सारखा. आणि सुरुवातीचा ‘अन्म्’? आजच्या आयरिशमध्ये तो ‘अनिम’ असा बोलतात आणि अर्थ आहे ‘नाव’.

हाच संस्कृतातला ‘नामन्’. आपला ‘नाव’ त्याच्याच पोटचा. इथे योगायोग नाही. भारोपीय कुळातल्या भाषांत हा शब्द घरोघर आहे आणि प्रत्येक घरी त्याचे बदल नियमाने झालेले दाखवता येतात. दगडावर बघा: कडेवर एक खाच, मग उजवीकडे पाच रेघा, मग एक तिरपी रेघ. एवढ्या सात घावांत ‘अन्म्’ लिहून झालं. असा ‘अन्म्’ने सुरू होणारा मजकूर ओगमच्या उतरत्या काळातल्या दगडांवर सापडतो. मामांना द्यायचंच असेल तर हे द्या, आणि वर देवदारही. ओगमच्या ‘द’ अक्षराचं नाव ‘दर’, म्हणजे ओक वृक्ष. किलडेर गावाच्या आयरिश नावात, ‘किल्य दरा’त, तोच आहे, ‘ओकचं चर्च’. देवदारातल्या ‘दारु’शी त्याचं नातं सख्खं.

खेड्यातल्या लोकांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मेल इन्बिर कधीच विसरला गेला आणि भोक उरलं. त्यातून दोघांनी बोटं अडकवून दिलेला शब्द मोडत नाही, असं त्या दगडाबद्दल सांगतात. इतर उभे दगड फिन मॅकूल या राक्षसी वीराने डोंगरावरून भिरकावलेले असतात, असा एक ठरलेला खुलासा गावोगाव मिळतो. आपल्याकडे वीरगळाचा वीर विसरून त्याला शेंदूर लागतो आणि तो गावचा देव होतो, तशातलीच ही गत. या गोष्टी वाचायच्या असतील तर १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने शाळांमार्फत केलेला संग्रह पाहा. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वह्या भरल्या, आणि त्या आता इंटरनेटवर चकटफू वाचता येतात. गावाचं नाव घालून शोधलं की झालं. दुकानदाराच्या आजीने लिहिलेलं पानही कदाचित निघेल.

पुन्हा जाल तेव्हा फोटो सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात काढा. ऊन कडेवर तिरपं पडलं की खाचा उठून दिसतात. रेघा दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका, दगड खराब होतो. आणि त्या चौथ्या फोटोखालची ओळ बदलून ग्रुपवर पुन्हा टाका: ‘ब्रोकानचा मुलगा मेल इन्बिर, याचं नाव.’