लिनक्स मिंटवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) फायरफॉक्स ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लगइन (अ‍ॅनिमेशनचे धडे चालवणारा जोडप्रोग्राम) कसं चालू करायचं? शाळेतल्या सीडीवरचे जुने धडे उघडत नाहीत. दुकानदार म्हणतो, लिनक्समुळे चालत नाही, विंडोज टाका, चालेल.

होम फोल्डरातल्या मोझिलाच्या (म्हणजे फायरफॉक्सच्या) प्लगइन फोल्डरात फाइल टाकून पाहिली असेल तर ती काढून टाका. फायरफॉक्सनं ८५व्या आवृत्तीत, जानेवारी २०२१ मध्ये, फ्लॅश समूळ काढलं. आता तिथं काहीही ठेवा, तो ढुंकूनही पाहत नाही.

पण "लिनक्समुळे चालत नाही" असं जे तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, ते मी आमच्या दादाकडून वर्षानुवर्षं ऐकलंय. दादा म्हणजे मोठा चुलतभाऊ, यवतमाळला कॉम्प्युटरचं दुकान. इकडे घाटंजी तालुक्यात आमच्या झेडपीच्या शाळेत दोन जुने पीसी, त्यात चोरीचं विंडोज, पेनड्राइव्ह लागून लागून व्हायरसनं भरलेलं. गुरुजी म्हणाले, तुले येते तं तूच पाह्य. मी लिनक्स टाकलं. सगळं सुरू, फक्त गणिताच्या धड्यांच्या जागी करडा चौकोन. शाळेत नेट नाही, म्हणून प्लगइनची फाइल दादाच्या दुकानातून आणली. त्यानं दिली ६४ बिटची, मशीन ३२ बिटचं. अशा वेळी फायरफॉक्स तक्रारसुद्धा करत नाही, प्लगइन यादीत दिसतच नाही. वरून दादाचा फोन, "फुकटचं ते फुकटचंच बे. काहून लेकरायचं नुकसान करतं?" ३२ बिटची लिबफ्लॅशप्लेयर, म्हणजे तीच प्लगइनची फाइल, मिळवून तिथंच ठेवली, ब्राउझर बंद करून उघडला, धडे सुरू. दादाला कळवलं तर म्हणे, किती दिवस चालते पाहू.

पुढे २०१२ मध्ये फ्लॅश बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीनं जाहीर केलं की लिनक्सवरच्या फायरफॉक्ससाठी ११.२ ही शेवटची आवृत्ती, यापुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. हे दादानं लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकवलं. २०१६ मध्ये त्याच कंपनीनं लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या पुन्हा सुरू केल्या, ते मात्र कोणत्याच पंगतीत निघालं नाही. आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश संपलं ते विंडोजसकट. तेव्हा "विंडोज टाका, चालेल" म्हणणाऱ्या दुकानदाराला त्याच्याच मशीनवर क्रोममध्ये एक धडा उघडून दाखवायला सांगा.

तुमचं काम रफलनं होईल, म्हणजे फ्लॅशशिवाय फ्लॅशच्या फाइली चालवणाऱ्या फुकट प्रोग्रामनं. ब्राउझरच्या नादी लागू नका. रफलचा डेस्कटॉप प्रोग्राम उतरवा, फाइलला चालवायची परवानगी द्या आणि सीडीतली एसडब्ल्यूएफ फाइल (धड्याची फ्लॅश फाइल) त्यातच उघडा. धडे चालवायला नेट लागत नाही.

हां, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) मधले काही धडे त्यात अर्धवट चालतात, बटणं दाबली जात नाहीत. आणि फारच जुनं ग्राफिक्स असलेल्या पीसीवर तो उघडतच नाही. तुमचा पीसी कोणत्या सालचा आहे ते कळवा.