रूळ, वळण आणि सांधा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ८ × ४ फुटी अख्ख्या प्लायवर एचओ मापाची (खऱ्याच्या १/८७) मॉडेल रेल्वे मांडली आहे. दोन लाइनींचा लंबगोल. बाहेरच्या वळणाची त्रिज्या १८ इंच, दोन लाइनींच्या मध्यांत ५० मिलिमीटर अंतर. एका लाइनीवरून दुसरीवर जायला दोन सांधे (गाडी वळवणारे रुळांचे फाटे) एकाला एक लावून बसवले आहेत. मालगाडी उत्तम धावते, पण आयसीएफच्या (चेन्नईच्या कारखान्याच्या नमुन्याच्या) पाच प्रवासी डब्यांची गाडी नेली की तिसरा नाहीतर चौथा डबा तिथेच रुळावरून उतरतो. चाकं बदलली, डब्यांत वजन घातलं, उपयोग नाही. — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : जुनी चाकं परत लावा, डब्यांचा यात काही दोष नाही. तुमची गाडी पहिल्या सांध्यावर डावीकडे वळते आणि पुरती सरळ होण्याआधीच दुसरा सांधा तिला उजवीकडे खेचतो. आयसीएफ डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओत २४५ मिलिमीटर. १८ इंची वळणावर या डब्याचं टोक रुळांच्या मध्यापासून साडेआठ मिलिमीटर बाहेर जातं आणि पोट जवळजवळ आठ मिलिमीटर आत येतं. लागोपाठचे दोन डबे उलटसुलट वळणांत सापडले की एकाचं टोक डावीकडे जातं, दुसऱ्याचं उजवीकडे. मधल्या कपलिंगला १७ मिलिमीटरचा फरक सांभाळायचा असतो, आणि तो त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

एकदा डोळा रुळाच्या पातळीला आणा आणि गाडी मुंगीच्या चालीनं सोडा. कपलिंग तिरकं होत होत ताठ होईल. मग बोगीचं (डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्याचं) एकच चाक अलगद उचललं जाईल आणि उचललेलंच पुढे सरकत राहील. क्रॉसिंगच्या नाकाशी (दोन रूळ छेदतात त्या टोकाशी) पोचलं की डबा खाली. वाघिणी (मालगाडीचे डबे) आखूड असतात, त्यांची टोकं एवढी बाहेर जात नाहीत, म्हणून मालगाडी न उतरता पार होते.

तेव्हा ते दोन सांधे काढून सहा नंबरचे घ्या. सहा नंबर म्हणजे ६ सेंटिमीटर पुढे गेल्यावर १ सेंटिमीटर बाजूला. शेजारच्या लाइनीवर जायला ३० सेंटिमीटर लागतील, पण वळण सौम्य होईल. खऱ्या रेल्वेतही यार्डात १:८.५ चा सांधा चालतो, प्रवासी गाडी लूपला (स्टेशनातल्या बाजूच्या लाइनीला) घ्यायची तर १:१२ चा लावतात.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सांगायलाच हवं असं. तुमच्या वळणावर दोन प्रवासी गाड्या एकमेकींना घासणार. डबा ३७ मिलिमीटर रुंद. ५० च्या अंतरात उरले १३. वळणावर बाहेरच्या गाडीचं पोट आणि आतल्या गाडीचं टोक मिळून १७ खातात. म्हणून माझा आग्रह, एकच लाइन ठेवा आणि तिची त्रिज्या ५५० मिलिमीटर करा. ४ फुटांत त्याहून मोठं अर्धवर्तुळ बसत नाही. लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या असावी असा आम्हा मॉडेलवाल्यांचा अंदाज आहे, म्हणजे खरं तर ७३५ हवी. (ब्रॉडगेजवर १० अंशांहून तीव्र वळण ठेवत नाहीत. त्याची त्रिज्या १७५ मीटर, एचओत २ मीटर! आपण सगळेच घरात तडजोड करतो.) दोन्ही वळणं वजा जाता सरळ भाग सव्वा मीटर उरतो. त्यात लूप टाकलात तर फाउलिंग मार्कच्या (याच्या पुढे उभी गाडी शेजारच्या लाइनीला अडते, त्या खुणेच्या) आत इंजिन आणि दोन डबे उभे राहतील. पाचच्या पाच डबे हवे असतील तर प्लाय कापून भिंतीकडेनं ४५ सेंटिमीटर रुंदीची फळी फिरवा. मी तेच केलं. खोलीच्या मधोमध माणूस उभा राहतो आणि हात सगळीकडे पोचतो.

वळण टाकल्यावर ते तपासायचं कसं? मी ३१ वर्षं पीडब्ल्यूआयच्या (रेल्वेमार्ग निरीक्षकाच्या) हाताखाली आणि नंतर पीडब्ल्यूआय म्हणून लाइनीवर काढली. आम्ही २० मीटर दोरी रुळाच्या कडेला ताणून धरायचो आणि मधोमध रूळ दोरीपासून किती दूर आहे ते मोजायचो. त्याला व्हर्साइन म्हणतात. टेबलावर ३० सेंटिमीटर शिवणाचा दोरा घ्या. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन्ही टोकं टेकवा, मध्ये पट्टी धरा. ५५० च्या वळणाला साधारण २० मिलिमीटर यायला हवेत. १५ सेंटिमीटर पुढे सरकून पुन्हा मोजा. १९, २०, २१ आलं तर वळण गोल आहे. २०, २६, १५ आलं तर तिथे कोपरा झाला आहे, आणि बहुतेक वेळा तो फिशप्लेटीवर (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) असतो. लवचीक रूळ वापरत असाल तर दोन तुकडे सरळ असतानाच जोडून डाक (सोल्डर) द्या, मगच वाकवा. वाकवल्यावर आतला रूळ पुढे सरकेल, तेवढा कापा. सरळ भागातल्या जोडांना मात्र डाक देऊ नका. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडा, एप्रिल-मेमध्ये लागते.

प्रश्न : आजोबा बार्शी लाइट रेल्वेवर गार्ड होते. त्यांच्या आठवणीसाठी काही करायचं आहे, पण जागा फक्त ४ फूट लांब, १ फूट रुंद कप्प्याची. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या जागेला याहून योग्य रेल्वे नाही. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या लाइनीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. एचओच्या मापात तो ८.८ येतो, आणि एन मापाचा (एचओहून लहान) तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. या लाइनीचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इथल्या वाघिणींना सरसकट २५ फुटी सांगाडा दिला. तो एचओत ८८ मिलिमीटर, कपलिंग धरून १० सेंटिमीटर.

गोल फिरवायच्या नादी लागू नका. दोन सांधे आणि तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायच्या, एका टोकाला बंद लाइनी) घ्या: एकीत पाच वाघिणी, बाकी दोघींत तीन-तीन. दुसऱ्या टोकाला इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढा रूळ, ४५ सेंटिमीटर. सांध्यांना २५, लांब सायडिंगला ५०. झाले १२० सेंटिमीटर. इंग्लंडमध्ये ॲलन राइट यांनी ही मांडणी लोकप्रिय केली. आठ वाघिणींना आठ चिठ्ठ्या करा, डोळे मिटून पाच उचला, आणि त्या पाच वाघिणी त्याच क्रमानं लांब सायडिंगमध्ये लावून दाखवा. आजोबांची शिट्टी घरात असेल तर ती मुलांच्या हातात द्या. शंटिंगला एकानं इशारा द्यायचा आणि दुसऱ्यानं इंजिन हलवायचं.