वाचक विचारतात : फिल्म पुरे, की आता सेन्सर घ्यावा?

प्रश्न : इंदूरला रामबागेत माझा दातांचा दवाखाना आहे. महिन्याचे 25 दिवस काम, रोज सरासरी 8 फिल्म, महिन्याला 40 तरी रूट कॅनल. भिंतीवरचे एक्स-रे मशीन जुने आहे, पण चालते. विक्रेता म्हणतो, ‘आरव्हीजी सेन्सर (फिल्मऐवजी तोंडात धरायचा, चित्र थेट संगणकावर दाखवणारा) घ्या, फिल्मच्या पैशांतच वर्षभरात वसूल होईल.’ पुढच्या वर्षी मुलगी बीडीएस होऊन दुसऱ्या खुर्चीवर बसेल. घ्यावा का?

उत्तर : घ्या. पण विक्रेता सांगतो त्या कारणासाठी नको, आणि भिंतीवरचे मशीन तपासल्याशिवाय तर अजिबात नको.

आधी पैसे. आपल्या महिन्याला 200 फिल्म होतात. फिल्म आणि रसायने मिळून एका चित्राला 35 रुपये धरू, म्हणजे 7,000. सेन्सरवर दर रुग्णाला नवी प्लॅस्टिकची पिशवी चढवावी लागते. दर चित्रामागे तिचे 3 रुपये धरून 600 वजा केले की महिन्याला 6,400 वाचतात. सेन्सर, सॉफ्टवेअर आणि संगणक मिळून 1,60,000 पडले असे समजा, तर वसुलीला 25 महिने. हे आकडे समजण्यापुरते. आपली बिले काढून तिथे आपले घाला. घालताना जीएसटीसकट किंमत घ्या. दातांचे उपचार करमुक्त असल्याने यंत्रावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, आणि कोटेशनमध्ये तो आकडा बहुधा खाली बारीक अक्षरात असतो. हप्त्याने घेणार असाल तर व्याजही त्यातच.

थोडक्यात, वर्षभरात वसूल होत नाही. फायदा आहे तो वेळेत. एका रूट कॅनलला 3 चित्रे, आणि फिल्म धुऊन ओलीच उजेडासमोर धरेपर्यंत दर वेळी 5 मिनिटे. 40 रूट कॅनलची 600 मिनिटे होतात. महिन्याचे 10 तास रुग्ण रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबरी पडदा) लावून आ वासून पडलेला असतो. शिवाय कोन चुकला, मुळाचे टोक कापले गेले, हे सेन्सरवर लगेच कळते. सेन्सर धरणारा होल्डर तोंडात असतानाच एक्स-रेची नळी थोडी फिरवून दुसरे चित्र घेता येते. फिल्मची चूक कळते तोवर होल्डर निघालेला असतो, आणि सगळी मांडणी पहिल्यापासून. त्यात आपला मे महिना. फिल्म धुण्याच्या डेव्हलपर द्रावाला 20 अंशांवर 5 मिनिटे लागतात, 27 अंशांवर अडीच. डबा त्याहून तापला आणि हाताखालची मदतनीस सवयीने 5 मिनिटेच मोजत राहिली, तर फिल्म काळी आणि धुकट येणारच.

आता मशीन. खरी मेख इथे आहे. फिल्मला जेवढा एक्स-रे लागतो त्याच्या बऱ्याच कमीत सेन्सर भागवतो, म्हणून टायमर अगदी थोड्या वेळासाठी अचूक हवा. जुन्या एसी मशीनमधून एक्स-रे सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 50 ठोके. 0.1 सेकंद म्हणजे फक्त 5, आणि त्यातले पहिले एक-दोन फिलामेंट (एक्स-रे नळीतली तार) पुरते तापण्याआधीचे, म्हणून दुबळे. फिल्मच्या लांब एक्सपोजरमध्ये ही तूट पचून जाते, सेन्सरवर पचत नाही. एक चित्र दाणेदार, तर पुढचे नीट. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडले की आणखी भर. फिरवायचा यांत्रिक टायमर असेल, किंवा सर्वांत कमी वेळच 0.2 सेकंद असेल, तर चित्र जळेल, मुळाच्या टोकाकडचे हाड सपाट काळे दिसेल. अशा वेळी पैसे आधी डीसी (एक्स-रे सलग देणाऱ्या) मशीनला द्या, सेन्सर सहा महिन्यांनी आला तरी चालेल. सेन्सर स्वतः एक्स-रे सोडत नाही, म्हणून त्याची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडे) वेगळी नोंद लागत नाही. नवे मशीन मात्र मंडळाचे टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला मंजुरी) असलेलेच घ्यायचे आणि मंडळाच्या ई-लोरा या संकेतस्थळावर नोंदवायचे.

प्रात्यक्षिक आपल्याच खुर्चीवर, आपल्याच मशीनवर मागा. विक्रेत्याच्या लॅपटॉपमधली चित्रे सुंदरच असतात. काढलेली एक दाढ मेणात रोवा, मुळाच्या एका कॅनलमध्ये 10 नंबरची आणि दुसऱ्यात 15 नंबरची फाईल (कॅनल साफ करायची बारीक सुई) घाला आणि एक्सपोजर पायरीपायरीने कमी करत न्या. 15 चे टोक स्पष्ट दिसलेच पाहिजे. 10 चे दिसले तर उत्तम. जाहिरातीतल्या ‘लाइन पेअर’च्या (किती बारीक रेषा वेगळ्या दिसतात त्याच्या) आकड्यांवरून भांडू नका, उघड्या डोळ्याला त्यातले फार थोडे दिसते. मग खालच्या दुसऱ्या दाढेला सेन्सर बसतो का ते पाहा. दोन नंबरच्या आकाराची फिल्म 31 × 41 मिलिमीटर, आणि जरा वाकते. सेन्सर वाकत नाही, पाच-सहा मिलिमीटर जाड असतो, आणि त्याच्या कडेचा थोडा भाग चित्र घेतच नाही. म्हणून तो दाताला चिकटवून न धरता जिभेकडे सरकवून, दाताला समांतर धरावा लागतो. होल्डर त्याच सेन्सरचा हवा. अक्कलदाढेला आणि ओकारी येणाऱ्या रुग्णाला अडचण होणारच, तेव्हा फिल्मचा एक डबा कपाटात राहू द्या.

सेन्सर मरतो तो बहुतेक वेळा केबलपायी. रुग्ण तिच्यावर चावतो, कोणी ती गुंडाळून ट्रेमध्ये कोंबते, खुर्चीचे चाक तिच्यावरून जाते. तार सेन्सरला जिथे जोडलेली असते तिथेच आतून तुटते आणि चित्रात पट्टे येतात किंवा मध्येच संपर्क जातो. विचारायचे ते इतकेच : केबल वेगळी बदलता येते का, की अख्खा सेन्सर? दुरुस्तीला गेला तर तोवर दुसरा मिळतो का, आणि हे लेखी आहे का? सेन्सर ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) कधीही नाही. पिशवी, वर फिंगर कॉट (बोटाचे रबरी टोपण), आणि काढल्यावर कंपनीने सांगितलेल्या द्रावाने पुसणे. साधी यूएसबी वायर 5 मीटरपेक्षा लांब ओढू नका.

चित्रे साठवायला जागा फार लागत नाही. एकाला 3 एमबी धरले तर आपल्या वर्षाच्या 2,400 चित्रांना जेमतेम 7 जीबी. पण ती डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा सर्वमान्य प्रकार) किंवा साध्या जेपेगमध्ये बाहेर काढता येतात का, हे पैसे देण्याआधी करून पाहा. सेन्सरच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाईल पेन ड्राइव्हवर जपा. संगणक बिघडला की तिच्यावाचून सेन्सर अडून बसतो.

राहिली मुलीची खुर्ची. एकच सेन्सर दोन खोल्यांत नाचवला की प्लग आणि केबल दोन्ही लवकर जातात. ती लहान मुलांकडे वळली तर फॉस्फर प्लेट (चित्र साठवणारी, स्कॅनरमध्ये वाचायची पट्टी) बरी : फिल्मसारखी पातळ, वायर नाही, स्कॅनर एकच पुरतो. पण रूट कॅनलला ती कंटाळवाणी, कारण दर वेळी तोंडातून काढून स्कॅनरमध्ये घालायची. उजेडात राहिली तर चित्र विरते, ओरखडा आणि दाताची खूण कायमची बसते. शिवाय एक्सपोजर जास्त झाले तरी सॉफ्टवेअर चित्र सावरून घेते, त्यामुळे डोस वाढत गेलेला कोणाच्या लक्षातच येत नाही. तेव्हा आज एकच सेन्सर, रूट कॅनलच्या खुर्चीला. दुसरा निर्णय ती बसल्यावर तिचे काम पाहून.

प्रश्न : सुदामानगरला राहते. एकाच दाढेचे तीन एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाले, डिजिटल आहे, काळजी नको. डिजिटल म्हणजे किरणे नसतात का?

उत्तर : किरणे तीच, मात्रा कमी. जमिनीतून, आकाशातून आणि श्वासातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचे एकक) मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. दाताच्या एका छोट्या चित्राचा डोस साधारण त्याच घरातला किंवा त्याहून कमी. रूट कॅनलला तीन चित्रे लागतात : सुरुवातीचे, मुळाची लांबी मोजण्याचे आणि भरल्यानंतरचे. गरोदर असाल किंवा शंका असेल तर चित्राआधीच सांगावे.

प्रश्न : वापरलेला फिक्सर (फिल्म धुताना डेव्हलपरनंतर वापरायचा द्राव) मोरीत ओतला तर चालतो का?

उत्तर : नाही. त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवून भंगारातली चांदी काढणाऱ्याकडे किंवा घातक कचरा नेणाऱ्याकडे द्यावा. फिल्मच्या पाकिटातला शिशाचा पत्राही वेगळ्या डब्यात.