पहिला पार्सर जनरेटर निवडताना

आपण प्रथमच एखाद्या छोट्या संगणकीय भाषेसाठी पार्सर (मजकुराची रचना व्याकरणानुसार ओळखणारा प्रोग्राम) तयार करणार असाल, तर साधन, म्हणजे व्याकरणावरून पार्सर बनवून देणारा पार्सर जनरेटर, निवडण्याआधी व्याकरण कागदावर मांडून पाहावे, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी साधनात नसून व्याकरणातील संदिग्धतेत असतात. नवख्या व्यक्तीला मी अँटलर ४ सुचवेन. त्यात थेट डावे पुनरावर्तन असलेले, म्हणजे स्वतःच्याच नावाने सुरू होणारे, नियम तसेच लिहिता येतात (दुसऱ्या नियमामार्गे होणारे अप्रत्यक्ष पुनरावर्तन मात्र चालत नाही) आणि जावा, पायथन, सी प्लस प्लस अशा अनेक भाषांत पार्सर निर्माण होतो.

सी भाषेतच काम करायचे असल्यास फ्लेक्स (मजकुराचे टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांचे तुकडे, पाडणारा) आणि बायसन (त्यांवरून रचना ओळखणारा पार्सर बनवणारा) ही जुनी जोडी आजही भक्कम आहे. बायसन मूळ मांडणीत एलएएलआर(१) पद्धत वापरतो, म्हणजे पुढचे फार तर एकच टोकन पाहून निर्णय घेतो; व्याकरण संदिग्ध असेल, उदाहरणार्थ दोन ‘इफ’नंतर एकच ‘एल्स’ आला, की तो कोणाचा, या प्रश्नावर शिफ्ट-रिड्यूस संघर्षाचा (पुढचे टोकन घ्यावे, म्हणजे शिफ्ट, की आतापर्यंतचा नियम पूर्ण मानावा, म्हणजे रिड्यूस, या पेचाचा) इशारा मिळतो. अशा वेळी बायसन शिफ्ट निवडतो आणि ‘एल्स’ जवळच्या ‘इफ’ला जोडला जातो, जे बहुधा आपल्याला हवेच असते, परंतु प्रत्येक संघर्ष इतका निरुपद्रवी नसतो, म्हणून कारण समजल्याशिवाय ‘एक्स्पेक्ट’ निर्देश (इतके संघर्ष अपेक्षितच आहेत, असे सांगणारा) देऊन इशारे दाबू नयेत. आवृत्ती ३.७ पासून बायसन संघर्षाचे प्रत्यक्ष उदाहरणही दाखवू शकतो, ही सोय अवश्य वापरावी.

परवान्याची भीती अनेकांना उगाच वाटते: बायसन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली असला, तरी विशेष अपवादामुळे त्याने निर्माण केलेला पार्सर बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येही वापरता येतो. संपादकात टंकलेखन चालू असतानाच विश्लेषण हवे असेल, तर मात्र ट्री-सिटर हा पार्सर जनरेटर पाहावा.