वाचकांचे प्रश्न : डोंगरवाटेवरील पाणी, मुक्काम आणि शिधा

प्रश्न : आम्ही सहा जण डिसेंबरच्या अखेरीस सातारा जिल्ह्यातील मकरंदगड, ‘पर्वत’ नावाचा डोंगर आणि चकदेव अशी चार दिवसांची सलग चाल करणार आहोत. आतापर्यंत आम्ही फक्त एका दिवसाच्या गडफेऱ्या केल्या आहेत. तंबू आणि चार दिवसांचे जेवण पाठीवर न्यावे, की वाटेतील गावांवर विसंबावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तंबू घरी ठेवावा, शिधा मात्र बरोबर घ्यावा. पण त्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागेल, आणि ती म्हणजे पाणी. या डोंगररांगेत मुक्कामाची जागा पाणी पाहूनच ठरवायची असते. छप्पर त्यानंतर पाहावे.

महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तरीही याच डोंगरातील वाड्यांमधून उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब जावे लागते, याचे नव्याने येणाऱ्यांना आश्चर्य वाटते. कारण जमिनीत आहे. माथ्यावरचा जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो पाणी मुरवून घेतो आणि खालच्या काळ्या कातळाशी झऱ्याच्या रूपाने सोडतो. जेथे जांभ्याचे हे टोपण नाही, तेथे पावसाचे पाणी उतारावरून थेट कोकणात किंवा कोयनेच्या खोऱ्यात निघून जाते. म्हणूनच अशा कड्यांवर जुन्या लोकांनी कातळात टाकी खोदली. डिसेंबरात काही झरे वाहत असतात आणि काही आटलेले असतात, त्यामुळे नकाशावरच्या निळ्या रेषेपेक्षा आदल्या मुक्कामी गावात विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी पडतो. ‘पुढे पाणी आहे का?’ असे मात्र विचारू नये, कारण त्याला बहुधा ‘आहे की’ हेच उत्तर मिळते. ‘या आठवड्यात गुरे कोणत्या पाण्यावर जातात?’ असे विचारावे.

पहिला मुक्काम मकरंदगडाच्या कुशीतील घोणसपूर येथे करावा. तेथे मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. पर्वतावर जोम मल्लिकार्जुनाचे देऊळ असून चकदेवाच्या माथ्यावर शैल चौकेश्वराचे देऊळ आणि थोडी वस्ती आहे. सहा माणसांना पथारी टाकायला अशी देवळे पुरतात. मात्र गावकऱ्यांना आधी विचारावे, गाभाऱ्यापासून दूर झोपावे आणि सकाळी जागा झाडून निघावे. घोणसपूरहून पर्वताकडे निघताना प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाणी असू द्यावे. थंडीच्या कोरड्या हवेत तहान जाणवत नाही आणि दुपारी पोटऱ्यांत गोळे येऊ लागले की मग चूक कळते. टाक्यातील पाणी चौपदरी फडक्यातून गाळून खळखळून उकळावे. क्लोरीनच्या गोळ्या वापरायच्या असल्या तरी आधी गाळणे टाळू नये, कारण गढूळ पाण्यात औषधाचा जोर गाळावरच खर्च होतो. गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास थांबावे.

आता जेवणाविषयी. या वाड्यांतील बरीच तरुण मंडळी मुंबईला कामाला असतात आणि घरी म्हातारी माणसे राहतात. घरात धान्य मोजके असते आणि दुकान डोंगराखाली. सहा भुकेले पाहुणे अंधार पडताना दारात उभे राहिले, तर माउली ‘नाही’ म्हणणार नाही, हीच खरी अडचण आहे. म्हणून तांदूळ, डाळ, पीठ, तेल आणि चहा-साखर आपली न्यावी, दुपार टळण्यापूर्वी गावात पोहोचावे आणि शिधा हाती देऊन स्वयंपाकाची विनंती करावी. नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा मिळाला, तर आपण भाग्यवान आहात. कष्टाचे पैसे निघताना न विसरता द्यावेत. घेणार नाहीत, आग्रह करावा. वाटेत खायला गूळ-शेंगदाणे उत्तम. सांगलीकरांचा भडंगावर जीव असतो हे मी जाणतो, पण तो निम्मी सॅक अडवतो आणि तहान वाढवतो. एक पुडी पुरे.

चकदेवहून शिंदी गावाकडे उतरणे सोपे आहे. कोकणात आंबिवलीकडे जाणारी वाट शिड्यांची आहे. पहिल्याच लांब चालीत, जड पाठपिशवीसह, वाटाड्या न घेता ती धरू नये.

प्रश्न : चकदेवहून तसेच पुढे चालत जाऊन वासोट्यावरील मारुतीच्या देवळात रात्र काढता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. वासोटा 1985 साली घोषित झालेल्या कोयना अभयारण्यात येतो, आणि 2010 पासून हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे मुक्कामास मनाई आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी घेऊन शिवसागर जलाशयातून होडीने पायथ्याशी जावे आणि त्याच दिवशी परतावे. रात्रीचा मुक्काम बामणोलीत करून दुपारची भाजी-भाकरी तेथूनच बांधून घ्यावी, कारण पलीकडच्या काठावर खायला काही मिळत नाही. चढाच्या सुरुवातीला ओढा लागतो, त्यानंतर थेट गडावरचे टाके; तेव्हा बाटल्या ओढ्यापाशीच भराव्यात.