पाना उचलण्याआधी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला होता. "तुझ्याच नादानं त्यानं ते धूड दारात आणून उभं केलंय," म्हणाली. मी गप्प ऐकून घेतलं. खरं तर गाडी घे असं मी तुला कधी म्हणालोच नव्हतो. डब्ल्यू-१२४ मर्सिडीजचं दार एकदा लावून बघ, आवाज ऐक, एवढंच म्हणालो होतो. असो. आता त्याच मालिकेतली १९९५ची ई-२२० दारात आहे, भर दुपारी सिग्नलला बंद पडते आहे, आणि गॅरेजवाल्यानं तीन खेपांत प्लग, पेट्रोल पंप आणि एक सेन्सर बदलूनही मिसिंग, म्हणजे इंजिनाचं अडखळणं, जसंच्या तसं आहे. तुझ्या मेसेजचं शेवटचं वाक्य होतं, "मामा, आता ईसीयूच बदलून टाकू का?" ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक.

नको. काहीच बदलू नकोस.

तीन खेपांत कुणी एकदा तरी व्होल्ट मोजायचा मीटर लावला का? काढलेला पंप खराब होता हे कशावरून ठरलं? तो परत मागून घेतलास का? माझी खात्री आहे, तो पंप आज दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत सुखानं चालतो आहे. अशा गाड्यांची बिलं फुगतात ती बॉनेटवरच्या चांदणीमुळे कमी आणि अंदाजपंचे दाहोदरसे कारभारामुळे जास्त. गाडी तीस वर्षांची आहे, पण ती बनवणाऱ्यांनी ती उघडता यावी म्हणून बनवली होती. बॉनेट उघड, बिजागरीजवळची कळ दाब, ते भिंतीसारखं सरळ उभं राहतं. आजच्या गाडीत प्लास्टिकची झाकणं काढण्यातच सकाळ जाते.

तू लिहिलंस, गाडी गार असताना उत्तम चालते आणि तापली की मिसिंग सुरू होतं. हेच महत्त्वाचं आहे, आणि गॅरेजवाल्यानं नेमकं हेच ऐकलं नसणार. उष्णतेशी वागणूक बदलते तेव्हा मला आधी वायरिंग आठवतं. त्या वर्षांतल्या या इंजिनांच्या वायरिंगची एक गोष्ट जगभर माहीत आहे: वायरींवरचं आवरण असं होतं की इंजिनाच्या उष्णतेत ते वाळतं, कडक होतं आणि तडकून गळून पडतं. बाहेरची काळी नळी शाबूत दिसते, आत तांबं उघडं पडलेलं असतं. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की कधी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चुकतो, कधी हवा सोडणारा थ्रॉटल. आता समज, हीच भानगड असली आणि तू नवा ईसीयू बसवलास. तोही त्याच शॉर्टवर बसणार. म्हणजे पैसे गेले आणि ईसीयूही गेला.

तर रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बॅटरीची मायनस काढ. त्याआधी रेडिओचा कोड कागदावर लिहून ठेव. नाहीतर बॅटरी जोडल्यावर रेडिओ कोड मागेल आणि तू मला फोन करशील. मग इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरिंगची नळी टोकाशी बोटभर मागे सरकव. हळू, ओढू नकोस, वाकवू नकोस. आवरण मऊ असेल तर देवाचे आभार मान. जुन्या पापडासारखं कुरकुरत तुकड्यांनी हातात आलं, तर दोष सापडला म्हणून समज. तिथं थांब, टेप गुंडाळत बसू नकोस. एका जागी टेप लावलीस तर हातभर पुढे तेच असतं. पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, नवा घ्यायचा, नाहीतर जुन्याच्या मापाबरहुकूम एकेक वायर उष्णता सोसणाऱ्या आवरणाची घालून बांधून घ्यायचा. ते काम आपण दोघं मिळून करू. दोन रविवार जातील.

वायरिंग चांगलं निघालं तरी मीटर खाली ठेवू नकोस. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं थेट इंजिनाच्या धातूवर धर आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. आकडा पाव व्होल्टच्या वर गेला तर इंजिनाला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी सडली आहे. ती पट्टी काही शेकड्यांत येते. तिच्यापायी लोकांनी स्टार्टर, अल्टरनेटर, काय काय बदललेलं मी पाहिलं आहे.

आणि फ्यूज. तुझ्या गाडीत हल्लीचे चपटे फ्यूज नाहीत, जुने गोळीसारखे आहेत. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा. दोन पितळी पात्यांच्या मध्ये नुसते अडकवलेले असतात. फ्यूज उडालेला नसतो, पण टोकांवर गंज चढतो आणि करंट अर्धामुर्धा जातो. इग्निशन बंद ठेवून प्रत्येक फ्यूज जागच्या जागी बोटानं दोन-चार वेळा फिरव. एवढ्यानं काच खालीवर होऊ लागली, हॉर्न वाजू लागला, असं कितीदा झालंय. ॲल्युमिनियमचे असले तर सगळे काढून तांब्याचे घाल.

जाता जाता सांगतो, तुझी गाडी इथलीच, पिंपरीची आहे. १९९५मध्ये मर्सिडीजनं भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, चाकणचा कारखाना २००९चा. तेव्हा मी भोसरीत नोकरीला होतो. पहिल्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या तेव्हा आमच्या बसमधली माणसं एका बाजूला वाकायची.

व्हॅक्यूमचं, म्हणजे नळ्यांतल्या हवेच्या ओढीचं, मी स्वतःच्या फजितीवरून शिकलो. एका मित्राची जुनी डिझेल मर्सिडीज २४०-डी, तुझ्या गाडीच्या आधीची डब्ल्यू-१२३, आठवडाभर माझ्याकडे होती. रात्री सोसायटीत लावली, चावी बंद केली, काढून खिशात टाकली, आणि इंजिन आपलं चालूच! वॉचमन माझ्याकडे बघतोय, मी वॉचमनकडे. त्या डिझेल गाड्यांत चावी फिरवली की इंजिन विजेनं नाही, व्हॅक्यूमनं बंद होतं. कुठेतरी नळीला चीर पडली की ओढ संपते आणि इंजिन चालत राहतं. त्यासाठी इंजिनावर स्टॉप लिहिलेला एक दांडा असतो, तो दाबला की बंद. मला ते माहीत नव्हतं. फोन करून विचारलं, तोवर चार मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं आली होती. दुसऱ्या दिवशी पेन्सिलएवढा रबरी तुकडा बदलला आणि काम झालं. तुझी पेट्रोलची आहे, ती चावीनं बंद होईल. पण सेंट्रल लॉक तिचंही व्हॅक्यूमवरच चालतं. एक दार लॉक होत नसलं तर दाराचं लॉक विकत घ्यायला धावू नकोस, आधी नळ्यांचे रबरी सांधे बघ.

रबराचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलचे होज आत्ताच बदलून टाक. हे एकच काम मी न मोजता करायला सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. या गाडीत पेट्रोल दाबाखाली असतं. होजला भेग गेली तर फवारा गरम इंजिनावर उडतो. इथेनॉल चालेल असा होज माग, क्लिपाही नव्या घे.

मागच्या चाकांचे बुश, म्हणजे दांड्यांच्या टोकांतली रबरं, पुढे कधीतरी करशीलच, प्रत्येक बाजूला पाच-पाच दांडे आहेत. तिथं माझी चूक करू नकोस. मी गाडी घोडीवर (लोखंडी आधारावर) असताना, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट फुल टाइट केले. गाडी खाली उतरल्यावर प्रत्येक बुश पिळला गेला आणि सहा महिन्यांत रबर फाटलं. बोल्ट हातानं बसव, गाडी चाकांवर उभी कर, आणि वजन पडल्यावर मग टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, आवळ.

गाडीखाली जाशील तर घोडी लावूनच, नुसत्या जॅकवर कधीही नाही. ताई मला जिवंत सोडणार नाही. पुढच्या स्प्रिंगा, एअरबॅग आणि एसीचा गॅस, या तिन्हींना हात लावायचा नाही. ती कामं पैसे देऊन करून घे. यातल्या स्प्रिंगेची मला आजही भीती वाटते.

सामानासाठी कुर्ल्याला जायचं तर चॅसी नंबर आणि काढलेला भाग, दोन्ही बरोबर ने. "सेम टू सेम आहे साहेब" या वाक्यावर पैसे देऊ नकोस. भागावरचा नंबर वाच, जुन्याशी ताडून बघ. नुसत्या दिसण्यावर मी एकदा थर्मोस्टॅट आणला होता. तो अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

येत्या रविवारी सातच्या आत ये, ऊन चढायच्या आधी नळी उघडून बघू. गाडी गार हवी, म्हणून शनिवारी रात्रीच इकडे आणून लाव आणि इथेच झोप. मीटर माझ्याकडे आहे, त्याची ९ व्होल्टची बॅटरी मात्र संपली आहे, ती घेऊन ये. आणि ताईला म्हणावं, डब्यात थालीपिठं दे, मामानं मागितलीत.

तुझा
मामा