रेट्रो कन्सोलचे अडॅप्टर मॉडिफाय करते, यातच करिअर करू का?

पत्र वाचलं तुझं. म्हणजे जुना व्हिडिओ गेम कन्सोल नव्या टीव्हीला लावायला तू जीबीएस-८२०० हा व्हिडिओ सिग्नल बदलून देणारा बोर्ड घेतलास, त्याला ईएसपी८२६६ ही छोटी वाय-फाय चिप जोडून तिच्यावर जीबीएस-कंट्रोल हे ओपन सोर्स फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) चालवलंस, चित्र फाटत होतं ते सिंकच्या, म्हणजे ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या सिग्नलच्या वायरीत रेझिस्टर टाकून थांबवलंस, आता ओळखीपाळखीचे लोक पैसे देऊन तसंच करून मागतायत आणि तू विचारतेस की इंजिनिअरिंगचा नाद सोडून हेच करू का, बाबा मात्र म्हणतात हे टीव्ही मेकॅनिकचं काम.

धंद्याचं आधी उरकतो. वरखर्चाला मस्त आहे, पूर्णवेळ करायला मला नाही पटत. गिऱ्हाईक मोजकं, आणि एक बोर्ड विकला की "माझ्या टीव्हीवर नो सिग्नल येतंय" हे मेसेज सुरू, त्यात टीव्ही प्रत्येकाचा वेगळा. वर ओपन सोर्स फर्मवेअर टाकून विकायचं तर त्याचं लायसन्स नीट वाचावं लागतं आणि एचडीएमआयचा लोगो लावायचा तर ती भानगड निराळीच.

आता मुद्द्याचं. पत्रात तू सहज लिहून गेलीस की "४७० ओहम टाकला आणि चाललं". का चाललं गं? सिंक ५ व्होल्टचा, पुढे इनपुट ७५ ओहमचं, मध्ये ४७० आला की इनपुटवर साधारण ०.७ व्होल्टच उरतो आणि तेवढा त्याला झेपतो. हे गणित तू मांडलंस की कुणीतरी सांगितलं म्हणून टाकलास? रागावत नाहीये, पण पुढचं सगळं या उत्तरावर आहे.

तीच गोष्ट २४०पी ची, म्हणजे जुन्या कन्सोलच्या २४० ओळींच्या चित्राची. बरेच जुने कन्सोल साधारण १५.७ किलोहर्ट्झने ओळी पाठवतात, पण बरेच नवे टीव्ही त्याला ४८०आय (अर्ध्या-अर्ध्या ओळी आळीपाळीने पाठवणारं चित्र) समजून डीइंटरलेस करत, म्हणजे दोन अर्धी चित्रं जोडत बसतात, मग बटण दाबल्यावर हिरो उशिरा उडी मारतो आणि एक फ्रेम आड लुकलुकणाऱ्या सावल्या कधीकधी गायबच होतात. ओएसएससी हे जुन्या कन्सोलसाठीचं ओपन सोर्स कन्व्हर्टर काय करतं तर अख्खी फ्रेम साठवतच नाही, एक ओळ धरून ठेवतं आणि दुप्पट वेगाने दोनदा सोडतं, त्यामुळे उशीर जवळजवळ होतच नाही. हे वाचून तुला "मी पण असं बनवू शकेन का" असं झालं तर तू एफपीजीएची, म्हणजे आतलं सर्किट कोड लिहून ठरवता येतं अशा चिपची माणूस आहेस, त्यासाठीची व्हेरिलॉग ही भाषा शीक, तोच लाइन डबलर स्वतः लिहून बघ, महिने जातील पण जाऊ देत. रेझिस्टर आणि व्होल्टेजमध्येच जीव रमत असेल तर अ‍ॅनालॉग आणि हार्डवेअर टेस्टिंग, तिकडे चांगली माणसं कायम कमी असतात. आणि ईएसपीच्या कोडमध्ये बदल करायला मजा आली असेल तर एम्बेडेड फर्मवेअर. गाडीचा मागचा कॅमेरा, ऑपरेशन थिएटरमधली स्क्रीन, टीव्ही स्टुडिओतली मशीन, सगळीकडे हेच सिंक, क्लॉक आणि लॅगचं दुखणं आहे.

नुसतं सोल्डरिंगच आवडत असेल तरी ठीक, त्यात कमीपणा काही नाही, पण मग बाबांचं म्हणणं खरं आहे आणि दुरुस्तीचा धंदा धंदा म्हणूनच शिकायला हवा, हिशेब-वॉरंटीसकट.

डिग्रीला इलेक्ट्रॉनिक्स घे. कोडिंग बाहेरूनही शिकता येतं, पण सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसमोर तासन्‌तास बसायला लॅब लागते. तोपर्यंत ऑर्डरी घे, पण प्रत्येक बोर्डाचं आधी-नंतरचं मोजमाप, फोटो आणि काय बिघडलं होतं ते लिहून ठेव, इंटर्नशिपला मार्कशीटपेक्षा ती वही जास्त बघतील. आणि जुना ट्यूबवाला टीव्ही उघडायचा विचार असेल तर एकटीने उघडू नकोस, बंद असला तरी आत हाय व्होल्टेज राहतं.

४७० चं उत्तर मला कळव, मग कॉलेजांच्या यादीवर बोलू.